सर उठले की रॅम फेल

कर्णिक सरांनी मला फसवलं. आधीच स्पष्ट लिहिते, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की ही बाई आडून बोलते. ज्यांच्याकडे मी हार्डवेअर शिकले त्याच माणसाने मला बिघडलेली रॅम चांगली म्हणून विकली. मला! पनवेलच्या बाजारात मी साधी केबलसुद्धा घासाघीस केल्याशिवाय घेत नाही. सर आता नाहीत. गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये, हे मला पुष्कळांनी ऐकवून झालंय. मी बोलणार.

या ग्रुपवर बरेच जण लिहितात की भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, पण... माझ्याकडे तो 'पण' नाही. तेव्हाही विश्वास नव्हता, आजही नाही. माझं माहेर आपटा गावातलं. माझ्या आईला नदीकाठच्या प्रत्येक झाडावर कोणी ना कोणी दिसायचं. "तिथून नको जाव, कोनतरी हाय," असं ती सांगायची आणि मी मुद्दाम तिथूनच शाळेत जायचे. मला कधी कोणी भेटलं नाही.

तर गोष्ट २००९ ची. जुन्या पनवेलमध्ये माझं कॉम्प्युटर असेंबल करून विकायचं दुकान आहे. कोणाच्या बापाच्या पैशावर उभं केलेलं नाही. 'बाई काय मशीन जोडणार' म्हणणाऱ्यांच्या नाकावर टिच्चून चालवलंय. नासिरभाई म्हणून लग्नाचे व्हिडिओ करणारे एक गृहस्थ माझ्याकडे आले. त्यांना एडिटिंगसाठी वेगवान मशीन हवं होतं. म्हणाले, "ताई, कळंबोलीला दुसरा स्टुडिओ काढतोय. हे मशीन मनासारखं चाललं तर तिथलं सगळं काम तुमचं. लग्नाचं एडिटिंग चालू असताना एकदा जरी हँग झालं, तर मी मुंबईहून आणीन. वाईट वाटून घेऊ नका."

मी म्हटलं, "हँग झालं तर मशीन तुमच्या दारातून मी स्वतः उचलून नेईन."

माझ्या बजेटमध्ये तेवढा वेग बसवायचा तर रॅम ओव्हरक्लॉक करणं हा एकच मार्ग होता. म्हणजे कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा तिला जास्त पळवायचं. पळते ती, पण टिकते का हे तपासावं लागतं. त्यासाठी एक प्रोग्रॅम असतो. तो रॅममध्ये काहीबाही लिहितो आणि परत वाचून बघतो. लिहिलं एक आणि वाचलं दुसरं, की पडद्यावर लाल ओळ. नासिरभाईंच्या मशीनला एकही लाल ओळ परवडणारी नव्हती.

या कामात सरांचा हात धरणारा पनवेलमध्ये कोणी नव्हता. त्यांनी आपल्या वापरातली रॅमची एक जोडी मला दिली. "ही आठशे मेगाहर्ट्झची आहे, पण हजाराच्या वर डोळे मिटून चालव. मी स्वतः तपासली आहे." भाव करताना आमचं कडाक्याचं भांडण झालं. ते नेहमीचंच. शेवटी घेतली.

दुकानात आणून टेस्ट लावली... आणि लाल ओळी. एक नाही, पडदा भरून.

मी मशीन तसंच रिक्षात घातलं आणि सरांच्या घरी गेले. त्यांच्या टेबलावर लावलं. दुपारभर टेस्ट चालली, एक एरर नाही! सर खुर्चीत बसून माझ्याकडे बघत होते.

"रंजना, भाव पाडायला नवीन युक्ती काढलीस का?"

"सर, तोंड सांभाळा."

"तूच सांभाळ. तुझ्या दुकानातली वीज बघ आधी."

मी वीज बघितली. अर्थिंग नवीन करून घेतलं, यूपीएस बदलला, पॉवर सप्लाय बदलला, मदरबोर्डसुद्धा बदलला. दुकानात लाल. सरांकडे साफ. शेवटी मी फोनवर असं काही बोलले, की दुसऱ्या दिवशी सर स्वतः स्कूटरवरून दुकानात आले. टेस्ट लावली आणि शेजारी खुर्ची ओढून बसले.

एकही एरर नाही. माझ्याच दुकानात, माझ्याच विजेवर.

"आता?" सर म्हणाले. ते चहा प्यायला समोरच्या टपरीवर गेले आणि पडद्यावर लाल ओळ आली. मी ओरडून त्यांना परत बोलावलं. ते बसले, टेस्ट पुन्हा लावली. साफ. मी म्हटलं, "सर, जरा बाहेर जा." लाल. "आत या." साफ. टपरीवरची माणसं बघायला गोळा झाली. एक जण म्हणाला, "ताई, सरांनाच कॅबिनेटमध्ये बसवा ना!" सगळे हसले. सर हसले नाहीत. त्यांचा चेहरा उतरला होता.

कारण मला आणि त्यांना दोघांनाही एक गोष्ट ठाऊक होती. क्लासमध्ये सरांचा एक नियम होता, टेस्ट लावून उठायचं नाही. "दूध तापत ठेवून बाजारात जाशील का?" असं म्हणायचे. स्वतः शेवटपर्यंत खुर्ची सोडायचे नाहीत. मी तो नियम कधी पाळला नाही. टेस्ट लावायची आणि गिऱ्हाइकाशी भांडायला मोकळी. म्हणजे सरांनी ती जोडी आयुष्यात एकदाही आपल्या माघारी तपासलेली नव्हती. ती त्यांच्याशिवाय चालत नाही हे त्यांना कळणार कसं?

त्यांच्या जागी मी बसून पाहिलं. लाल. टपरीवाल्याला बसवलं. लाल.

"पैसे परत घे," सर म्हणाले.

"पैसे नकोत. मला चालणारी रॅम द्या. नासिरभाईंना शब्द दिलाय मी."

"बरं. दुसरी जोडी शोधतो. नाहीच मिळाली तर मशीन द्यायच्या दिवशी मी येतो, बसतो तिथे."

"आणि लग्नाच्या सीझनभर? नासिरभाईंच्या स्टुडिओत राहायलाच जाणार का तुम्ही?"

स्कूटरला किक मारत ते म्हणाले, "बघू." हेच त्यांचं माझ्याशी शेवटचं बोलणं. त्याच आठवड्यात सर गेले. हार्ट अटॅक. दुसरी जोडी राहिली ती राहिलीच. नवीन आणायची तर त्या वेगाची रॅम मला त्या किमतीत कोणी देईना.

मग मी जे शहाणपणाचं होतं ते केलं. मदरबोर्डवरचा, सेटिंग लक्षात ठेवणारा छोटा सेल काढून सगळ्या सेटिंग पुसल्या, रॅम तिच्या मूळ वेगावर आणली. तशी टेस्ट लावली तर साफ. नासिरभाईंना खरं सांगितलं, "कबूल केलं त्यापेक्षा हळू चालेल, पण हँग होणार नाही." त्यांचं तोंड वाकडं झालं. कळंबोली गेलं हे मला तिथेच कळलं. तरी मशीन दिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन. "ताई, माशाल्ला! हे तुमचं हळू? अख्खं लग्न सकाळी लावलं, दुपारी तयार!"

मी धावत गेले. सेटिंग उघडली. वेग हजाराच्या वर. सरांचाच आकडा. व्होल्टेजही त्यांनी मला सांगितलं होतं तेच. मी नासिरभाईंना विचारलं, कोणी हात लावला का? ते म्हणाले, "इथे सेटिंग कोणाला कळते?" मी वेग खाली आणला, मशीन दोनदा बंद-चालू करून खात्री केली आणि घरी आले. सकाळी जाऊन बघते तर पुन्हा वर. टेस्ट लावली आणि नियम मोडून मुद्दाम जिना उतरून खाली गेले. परत आले तर साफ... एक ओळ नाही.

मी रॅम काढायला स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला. नासिरभाई मध्ये उभे राहिले.

"कशाला काढता?"

"सदोष आहे ती."

"कमाल करता! परवा हळू चालेल म्हणून रडत होता, आज पळतेय तर काढायला आलात? मशीन माझं आहे. हात लावू नका. कळंबोलीसाठी असलीच मशीनं हवीत मला."

कळंबोलीचं काम मला मिळालं. ती मशीनं मी कोऱ्या, बिलाच्या रॅमवर बांधली. त्यांना काही झालं नाही. हे पहिलं मशीन मात्र नासिरभाईंनी बदलू दिलं नाही. त्यांनी ते विकेपर्यंत एकदाही हँग झालं नाही. पुढे घेणाऱ्याकडे कसं चाललं, मला माहीत नाही.

कॉमेंटमध्ये कोणी अर्थिंग, गरमी, सैल स्लॉट असं लिहिणार असेल तर लिहू नका, मी ते सगळं तपासलंय. आणि 'सरांचा आशीर्वाद' असं तर मुळीच लिहू नका. आशीर्वाद मी मागितला नव्हता. मी माल मागितला होता. त्या मशीनवर हमी माझ्या दुकानाची होती. प्रत्येक लग्नाला इथे माझा जीव टांगणीला आणि चालवणारा दुसराच कोणी! आजही एखादं जुनं गिऱ्हाईक त्या मशीनची आठवण काढून कौतुक करतं तेव्हा मला मान खाली घालून हो म्हणावं लागतं, कारण ते का चाललं हे मला सांगता येत नाही. माझ्या धंद्यात मला ठाऊक नसलेली ही एकच गोष्ट आहे, आणि ती मला मान्य नाही.

सर, तुम्ही असाल तर समोर या आणि माझ्या तोंडावर सांगा की काय केलंत. तुम्ही नसाल तर ज्याने केलं त्याने सांगावं. उपकार झाले म्हणून मी गप्प बसणार नाही. मला जाब द्या.