अंबूताईंनी खोली रिकामी केली

धारवाडला म्हणजे कुठं, हे हुबळीच्या माणसाला समजवावं लागत नाही. मुलगी धारवाडला दिली, कॉलेज धारवाडला आहे, ते वेगळं. पण आवाज खाली घेऊन कुणी म्हणालं, "यांना आता धारवाडलाच न्यायला पाहिजे," की ते वेड्यांचं इस्पितळ. सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात माझा सख्खा भाऊ विनायक आमच्या वडिलांबद्दल हे बोलला.

अप्पांचं दाजीबानपेठेत कापडाचं दुकान. न्हाणीघरात पाय घसरला, खुबा मोडला. एका खाजगी नर्सिंग होममध्ये ऑपरेशन झालं, आणि चांगलं झालं हो! शुद्धीवर आल्या आल्या त्यांनी विनायकाला दुकान कुणावर सोडून आलास म्हणून झापलंसुद्धा. मग लघवीची नळी काढली, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत माणूस पार बदलला. ओरडायला लागले. पांघरूण फेकायचे, सलाईनची सुई उपटायचे, पाण्याचा पेला पुढं केला की हातानं उडवून द्यायचे. अर्चना, विनायकाची बायको, तिला लग्न होऊन आल्यापासून त्यांनी कधी अगं-तुगंसुद्धा केलं नव्हतं. तिच्यावर खेकसले, "जा इथनं!" ती बिचारी कोपऱ्यात बसून रडली, पण गेली नाही. आजारी माणसाला एकटं टाकून सून कशी जाईल?

डॉक्टर म्हणाले, म्हातारपणी भुलीनं असं होतं कधीकधी, संध्याकाळपर्यंत बघू, नाहीतर धारवाडच्या डॉक्टरांना दाखवू. झालं! 'दाखवू'चं 'ठेवू' व्हायला आमच्या घरात किती वेळ लागतो? विनायक गाडी ठरवायला निघालासुद्धा. अप्पांनी परत सुई उपटू नये म्हणून त्यानं त्यांचे दोन्ही हात खाटेला बांधले होते. लागू नये म्हणून दुकानातनं मऊ मलमल फाडून आणली होती. ती पांढरी मलमल मला बघवेना. मी त्याला म्हटलं, "अरे, बाप आहे की गाठोडं?" तर मलाच म्हणतो, "अक्का, तुझं काय जातंय, तू केशवापूरला तुझ्या घरी जाऊन झोपणार."

भांडण अर्धवट टाकून तो गाडी ठरवायला गेला, तेवढ्यात अंबूताई आत आल्या. वरच्या मजल्यावरच्या सिस्टर, आमच्या मजल्यावर त्या दिवशी पहिल्यांदाच. ठेंगण्या, जाड, आणि आवाज असा की पेठेतला हमालही वाट सोडेल. खोलीत कोण नव्हतं! मी, अर्चना, तिच्या आई-वडिलांची जोडी निपाणीहून भेटायला आलेली, शेजारच्या दुकानदाराची बायको मोसंब्यांची पिशवी घेऊन. कुणी आजारी पडलं की भेटायला जायचंच, नाहीतर माणसं नावं ठेवतात.

अंबूताईंनी आधी ती मलमल बघितली. मग काही न बोलता चादरीवरनंच अप्पांच्या ओटीपोटावर हात ठेवला. अप्पा जोरात किंचाळले.

"अय्यो देवा!" अंबूताई म्हणाल्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "घागरीसारखं फुगलंय की हो पोट! नडीरी होरगं! बाहेर व्हा सगळे! विहीणबाई, तुम्हीसुद्धा!"

"पण त्यांच्याजवळ कुणीतरी..." अर्चना म्हणाली.

"कुणी नको! तुम्हीच तर जीव घेताय त्यांचा!"

अर्चनाला त्यांनी असं बोलायला नको होतं. चूक तिची एकटीची होती काय? ती पोर बाहेर येऊन हमसाहमशी रडायला लागली, आणि मला त्या बाईचा भयंकर राग आला. म्हटलं, कोण समजते ही स्वतःला?

दार लागलं. आत फक्त अंबूताई आणि तुकाराम, तिथला वॉर्डबॉय. मग अंबूताईही बाहेर आल्या आणि दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. आतल्या माणसाला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "मी इथं आहे, अप्पा. आता मला ढकलल्याशिवाय कुणी आत येत नाही. सावकाश होऊ द्या." आत तुकारामानं नळ सोडला. आम्ही सगळे चोरासारखे भिंतीला टेकून उभे. काही वेळ नुसता नळाचा आवाज. मग तुकाराम झाकलेलं भांडं घेऊन बाहेर आला, रिकामं करून परत आत गेला, आणि पुन्हा भरलेलं घेऊन आला. कालपासून चाललेलं कण्हणं थांबलं होतं. विनायक गाडी ठरवून आला, तेव्हा अप्पा गाढ झोपले होते, हात मोकळे.

"म्हणजे... नुसती लघवी?" विनायक म्हणाला.

"नुसती!" अंबूताईंचा आवाज चढला, आणि मग एकदम बसला. "तुम्हाला काय बोलू? नळी काढल्यावर झाली की नाही हे विचारायचं काम आमचं. आमच्या पोरीनं विचारलं हो, पण कुणासमोर? सून समोर, विहीणबाई समोर! हा माणूस 'झाली' म्हणणार नाही तर काय म्हणणार? ती पोरगी खरंच झाली समजून गेली." त्या तिथल्याच बाकड्यावर बसल्या आणि पदरानं डोळे पुसले. मग उठल्या आणि डॉक्टरांकडे जाऊन आपल्याच सिस्टरांची तक्रार स्वतःच करून आल्या. माझा राग कुठल्या कुठं गेला.

पुढं त्यांची-माझी चांगली गट्टी जमली. माहेर धारवाडचं, सुभाष रोडच्या मागं, वडील शाळामास्तर. नर्सिंगला जाते म्हटल्यावर मास्तर कडाडले होते, "परक्या पुरुषांची भांडी उचलणार काय?" ही पठ्ठी म्हणाली, "उचलणार." त्यापायी स्थळं फिरकेनात, लग्न उशिरा झालं. रिटायर होईपर्यंत हुबळीतल्या निम्म्या पेठेशी त्यांचं भांडण झालं असेल. खोलीत शिरल्या की आधी माणसं बाहेर काढायच्या आणि मग पेशंटच्या कानाशी वाकून विचारायच्या. नातेवाईक मालकांकडे तक्रारी न्यायचे, बाई फार उर्मट आहे म्हणून. होत्याच.

अप्पा घरी आल्यावर त्या पट्टी बदलायला यायच्या. अर्चनाची माफीही त्यांनी आल्या आल्या मागून टाकली, भर स्वयंपाकघरात, तिचे दोन्ही हात धरून. एके दिवशी पट्टी झाली, अप्पा उशीला टेकून चहा पीत होते. खोलीत आम्ही तिघंच होतो. अंबूताईंनी सरळ विचारलं, "अप्पा, एक सांगा. तुम्ही शुद्धीवर होता ना हो? तुम्हाला धारवाडला न्यायचं चाललं होतं, ऐकू येत नव्हतं काय?"

"येत होतं की," अप्पा म्हणाले. "सगळं ऐकत होतो."

मी म्हटलं, "आणि गप्प बसलात? अप्पा, अहो, वेड्यांच्या इस्पितळात नेत होते तुम्हाला!"

अप्पांनी दाराकडे बघितलं. अर्चना जवळपास नाही याची खात्री केली, आणि मग अगदी हळू म्हणाले, "तिथं पुरुषांचा वॉर्ड वेगळा असतो, असं ऐकलं होतं. मनात म्हटलं, लवकर न्या रे बाबांनो."