दोन्ही हातांनी दिलेली पिशवी

त्या फ्रेंच सायकलपटूला मी पाडलं, आणि वर खोटंही बोललो. या गोष्टीला दहा वर्षं होत आली, तरी डांबरावरून सरसरत येणाऱ्या बारीक चाकांचा आवाज आठवला की माझे तळवे अजून घामेजतात.

शर्यतीसाठी ओमानला आलेला त्याचा संघ मस्कतमध्ये ज्या हॉटेलात उतरला, तिथल्या स्वयंपाकघरात मी कामाला होतो. माणसं कमी पडली म्हणून आम्हा दोघांना धावत्या सायकलपटूंना खाण्याच्या पिशव्या द्यायला रस्त्याकडेला उभं केलं. उजाड, करड्या डोंगरांवर ऊन नुसतं साचून राहिलं होतं. “पिशवीचा पट्टा बोटांवर लटकव, सायकलवाल्याने ओढला की सोड,” माझा रत्नागिरीकर सोबती हनीफभाई बजावत होता. “नैवेद्य दाखवल्यासारखा धरू नको रे बाबा!”

तो फ्रेंच सायकलपटू पस्तिशी ओलांडलेला. उभी कारकीर्द त्याने सोबत्यांना पाणी पुरवण्यात, त्यांच्यासाठी वारा अंगावर घेण्यात घालवली. त्याच्या आडोशाने दुसरे जिंकत गेले. घराघरांत अशी माणसं नसतात का, ज्यांच्या पाठीआड राहून बाकीचे सुखरूप पुढे निघून जातात? त्या दिवशी मात्र तो एकटाच सर्वांच्या पुढे होता. आज काही करून दाखवलं तरच पुढल्या वर्षी करार, हे त्यानेच न्याहारीला हसत सांगितलं होतं. त्याला येताना पाहून माझं मन भरून आलं आणि हात आपसूक घरच्या वळणावर गेले. मान्यवराला द्यायचं ते दोन्ही हातांनी, नीट धरून. त्याने पट्टा ओढला. माझ्या हातून तो सुटला नाही.

केवढा आदर, आणि केवढा घात!

तो सायकलसकट रस्त्यावर आपटला, त्याच्या खांद्याचं हाड मोडलं. संघाच्या व्यवस्थापकाने विचारलं तेव्हा मी म्हणालो, “त्याचाच हात निसटला, सर.” “वय झालं त्याचं,” तो पुटपुटला. मस्कतच्या रुवी भागातल्या आमच्या खोलीवर परतताना हनीफभाई इतकंच बोलला, “तुझी नोकरी वाचली. त्याची?”

सकाळी व्यवस्थापकाला गाठून मी खरं सांगितलं. त्याने थकल्या नजरेने पाहिलं. करार करायचा नाही, हे त्याने रात्रीच कळवून टाकलं होतं. आता वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं. तरी मी कोपऱ्यातल्या टेबलापाशी गेलो. गळ्यात हात बांधलेला तो डाव्या हाताने पावाला लोणी लावत होता.

“हात तुमचा निसटला नव्हता,” मी म्हणालो. “मी सोडलं नाही. मला माफ करा.”