साइडकारमधले साहेब

बेळगावच्या कॅम्पात माझ्या नवऱ्याचं फटफट्या दुरुस्त करायचं दुकान होतं. गिऱ्हाईक बहुतेक गोऱ्या पलटणीतलं. त्या साहेबलोकांचा एक क्लब होता आणि दर थंडीत ते एक शर्यत लावत. सकाळी बेळगावहून निघायचं, साताऱ्याला शिवायचं आणि दिवस मावळायच्या आत परत यायचं. पहिला-दुसरा नंबर असं काही नसे. वेळेत पोचला तो जिंकला. निम्मे लोक वाटेतच अडकून पडत, आणि त्यांच्या गाड्या बैलगाडीत घालून आमच्या दुकानात येत.

एका वर्षी आपल्या लोकांनाही शर्यतीत घ्यायचं ठरलं. विलायतेला परत जाणाऱ्या एका कप्तानाची जुनी साइडकारची गाडी आमच्याकडं होती. फटफटीच्या डाव्या बगलेला होडीसारखी बैठक आणि तिला बाहेरून एक चाक. अशा गाडीवर दोन माणसं पाहिजेत, असा नियम होता. बैठकीतल्या माणसाला नुसतं बसून चालत नाही, वळणावर बाहेर झुकून भार द्यावा लागतो, नाहीतर चाक उचलतं. ह्यांनी शहापुरातला एक विणकर मित्र त्यासाठी तयार केला होता. शर्यतीच्या आदल्या दिवशी त्याला थंडीताप भरला.

हे दुपारी घरी आले आणि भिंतीला टेकून बसले. वाढलेलं ताट तसंच राहिलं. सांजेला माझ्याकडं बघून म्हणाले, "तू बसतीस काय?"

मला वाटलं, चेष्टा करतायत.

"सांबऱ्याच्या माळावर ह्याच बैठकीत बसलीयास की माझ्यासंगं. तुला झुकाय येतंय. भ्यात बी न्हाईस."

"आणि लोक काय म्हणतील?"

"लोकांस्नी कळतंय कुठं? माझी विजार घाल, कोट घाल. वर टोपी, चष्मा. नाव त्याचंच ऱ्हाऊ दे."

सासूबाई नणंदेच्या बाळंतपणासाठी खानापूरकडं गेल्या होत्या. घरात नको म्हणणारं कुणी नव्हतं. मी म्हणू शकले असते. म्हणाले नाही.

पहाटे विजारीत पाय घातले तेव्हा अंगावर काटा आला. पदर नाही, निऱ्या नाहीत, दोन पाय वेगवेगळे दिसतायत. बांगड्या कोपराकडं सरकवून वर फडकं बांधलं. अंबाडा कातडी टोपीत कोंबला, तोंडाला मफलर गुंडाळला. कॅम्पात सुटायच्या जागी एका गोऱ्यानं त्या विणकराचं नाव पुकारलं आणि मी मान खाली घालून हात वर केला.

काकती गेली, हत्तरगी गेली. वाऱ्यानं डोळ्यांत पाणी येत होतं, आणि लाज कधी मागं पडली ते कळलंच नाही. तवंदीच्या घाटात हे ओरडत, "झुक!" आणि मी बाहेर लोंबकळायची. खालची खडी हाताला लागेल इतकी जवळून पळायची. माहेरी विहिरीत पोहायला शिकले होते, त्यानंतर इतकं मोकळं मला कधी वाटलं नव्हतं. मी मफलरच्या आत मोठ्यानं हसत होते.

घाट उतरलो की निपाणी. तिथल्या नाक्यावर क्लबाचा माणूस टेबल मांडून बसला होता. त्याचा शिक्का घेतल्याशिवाय पुढं जाता येत नव्हतं. निपाणी माझं माहेर. ह्यांनी आठवड्यामागं माझ्या वडलांना मोठ्या हौसेनं निरोप धाडला होता की मी शर्यतीत तुमच्या गावावरनं जाणार आहे. आदल्या दिवसाच्या गडबडीत त्याची ह्यांना आठवण राहिली नाही, आणि मला तर ते ठाऊकच नव्हतं.

आप्पा तंबाखूच्या वखारीत मुकादम होते. धुतलेलं धोतर, डोक्याला पटका, हातात फडक्यात गुंडाळलेली पितळी किटली, असे ते नाक्यावर उभे होते. जावई दाखवायला वखारीतले चार हमालही आणले होते.

"ह्ये आमचं जावई," ते हमालांना सांगत होते. "साहेबांच्या बरोबरीनं पळवत्यात बघा." मग ह्यांच्याजवळ येऊन हळूच विचारलं, "पोरगी बरी हाय न्हवं?"

"बरी हाय. घरातच हाय," हे म्हणाले आणि शिक्का घ्यायला टेबलाकडं गेले.

आप्पा माझ्याकडं वळले. मी बैठकीत खोल बसलेली होते. कपबशी दोन्ही हातांत धरून ते वाकले.

"घ्या साहेब. लई गारठ्यातनं आलायसा."

आप्पांच्या पुढं मी कधी बाजेवरसुद्धा बसले नव्हते. ते दारात आले की उठायची आमच्या घरची रीत. आणि आता ते वाकलेले, मी बसलेली. उठावं तर सोंग उघडं पडणार. मी हातमोज्यातला हात पुढं केला, मफलर खाली ओढला आणि हे सगळं लवकर संपावं म्हणून एकदम घोट घेतला. चहा उकळता होता. तोंडातून निघून गेलं, "आई गं!"

आप्पा होते तसेच वाकलेले राहिले. मला त्यांच्या पटक्याचा आणि तंबाखूचा ओळखीचा वास येत होता. त्यांनी चष्म्याच्या काचेतून माझ्या डोळ्यांत बघितलं. मागून एका हमालानं विचारलं, "काय झालं वो मुकादम?"

"काय न्हाय," आप्पा मोठ्यानं म्हणाले. "साहेबास्नी भाजलं जणू."

त्यांनी कपबशी परत घेतली, मागं सरले आणि सगळ्यांदेखत मला हात जोडले. "संभाळून जावा."

पुढचं कोल्हापूर, कऱ्हाड, सातारा मला नीटसं आठवत नाही. ह्यांनी झुक म्हटलं की झुकायची, एवढंच. परत येताना कागलजवळ चाक पंक्चर झालं. मी पंप मारायला वाकले तशी टोपी सरकून अंबाडा सुटला. उसाच्या कडेला गवत कापणाऱ्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. "अगं बया, बाई हाय की गं ही!" एरवी त्या हसण्यानं मी मेले असते. त्या दिवशी मात्र केस आत खुपसून पंप मारत राहिले.

निपाणीच्या नाक्यावर मी दुरूनच मान उंच करून बघू लागले. आप्पा नव्हते. सकाळच्या हमालांतला एक जण उभा होता. ह्यांनी विचारलं तर तो म्हणाला, "मुकादम सकाळीच घराकडं गेलं. डोकं दुखतंय म्हनं."

आम्ही दिवस मावळायच्या आत कॅम्पात पोचलो. टाळ्या झाल्या. ह्यांच्या गळ्यात हार पडला, माझ्याही पडला. एका साहेबानं "शाबास जवान" म्हणून माझा हात हलवला. माझे पाय इतके आखडले होते की ह्यांनी मला जवळजवळ उचलूनच बाहेर काढलं.

घरी आल्यावर ह्यांनी एकदाच विचारलं, "आप्पांनी वळखलं तर न्हाई?"

"न्हाई," मी म्हणाले. त्यांचा आनंद मोडवेना.

संक्रांतीला माहेरी गेले. आईला काहीच माहीत नव्हतं. ती तिळगुळाचं सामान काढत होती. आप्पा परसात एकटेच दोरी वळत बसले होते. माझ्याकडं बघेनात. मीच जवळ जाऊन उभी राहिले.

"आप्पा, माझं चुकलं."

"तुझं कशाला?" दोरीवरची नजर त्यांनी काढली नाही. "चुकलं माझं. पोरीला हाताला धरून खाली उतरवाया पायजे हुतं. पर चार माणसं बघत हुती. मी लोकांस्नी भ्यालो आन् पोटच्या पोरीला हात जोडून मागं सरलो. एवढ्या लांब, असल्या गाडीत पडूनझडून मेली असतीस तर?"

इतके दिवस ते स्वतःलाच लाजत होते. मी मात्र समजत होते, त्यांना माझी लाज वाटतेय.

त्यांना बरं वाटेल असं काहीतरी मी बोलायला हवं होतं. पण जे खरं होतं तेच बोलता येत नव्हतं. त्यांनी हात पुढं केला असता तरी मी उतरले नसते. मला सातारा बघायचा होता. घाटातलं ते पळणं मला अजून हवं होतं. नाक्यावर वडील वाकलेले असतानासुद्धा माझा एक कान, इंजिन कधी सुरू होतंय तिकडंच होता.

मी खाली बसले आणि दोरीचं दुसरं टोक धरलं. आप्पा पीळ देत राहिले. आईनं जेवायला हाक मारली तरी आम्ही दोघं उठलो नाही.