साहेबाचं शेवटचं वर्तमानपत्र

वाळत घातलेल्या तेंदूपानांचा वास आला की दरेकशाच्या जंगलातल्या स्टेशनावरचा रेल्वेचा गोरा इंजिनिअर आठवतो. मी त्याच्या कचेरीतला बाबू. विलायतेतला त्याच्या गावचा फुटबॉल संघ हंगामाचा शेवटचा सामना हरला, तर खालच्या डिव्हिजनमध्ये जाणार होता. निकाल मात्र बोटीने यायचा, तीन आठवड्यांनी. सोमवारी आठवडाभराच्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा आला, पण साहेब हट्टी, रोज एकच वाचणार, तेही तारखेनुसार. निकाल सगळ्यांत खालच्या अंकात! काळजीने साहेबाचं जेवण सुटलं होतं, माझ्या लग्नाच्या रजेचा अर्ज तसाच पडला होता. खानसामा वैतागला, "साहेब जेवून नाई राहिला, मंग मी रांधतो कायले? बाबू, तुमीच पाहून घ्या न!" त्याच सोमवारी मी चोरून तो अंक उघडला. संघ एका गोलने वाचला होता. जीव भांड्यात पडला, पण साहेबाला आधी सांगितलेलं खपलं नसतं, म्हणून अंक होता तसा गठ्ठ्यात ठेवला. त्या रात्रीपासून साहेब मात्र जेवू लागला. रविवारी साहेबाने शांतपणे तो अंक वाचला, अर्जावर सही केली आणि म्हणाला, "बाबू, सोमवार से तुम्हारा मुँह हँसता है, इसलिए हम खाना खाता है." त्या रजेत लग्न करून आणलेली बायको आजही माझा चेहरा तसाच वाचते.