पाणमांजरांचे मामा

अख्ख्या दहिसरात पाणमांजरांचा एकच नातेवाईक होता आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा होता. आपली नदी जिथे खाडीला मिळते, म्हणजे ज्या पाण्याकडे आपण नाकाला रुमाल लावूनच बघतो, तिथे तिवरांच्या झाडीत पाणमांजरांचं कुटुंब राहतं, असं मामांचं ठाम म्हणणं. रिटायर झाल्यापासून मालवणचा हा माणूस रोज सकाळी गुडघ्यांना शिव्या घालत तिथल्या बांधावर जाऊन बसायचा. सोसायटीत कुणाकडे बाळ झालं की हे सांगणार, "आमच्याकडेय पिल्लां झाली!" पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. आणि दुसरं कुणी बघायला गेलं, की प्लॅस्टिकच्या पिशव्यांखेरीज पाण्यात काही दिसेल तर शपथ!

कहर झाला तो श्रावणात. मामा श्रावण इतका कडक पाळायचे, की घरात सुक्या बोंबलाचं नाव काढायची सोय नव्हती. आणि तेच मामा भर सोमवारी बाजारात बांगडे घेताना शेजारच्या काकूंना दिसले! बातमी त्यांच्या आधी घरी पोचली. मामी दारातच उभ्या. "लाज नाय वाटली तुमका? श्रावणात?" मामा शांतपणे म्हणाले, "श्रावण माझो. तेंचो नाय." पाणमांजरांसाठी बांधावर ठेवलेले ते बांगडे बगळ्यांनी खाल्ले, हे मात्र त्यांनी शेवटपर्यंत कबूल केलं नाही.

गुडघे अगदीच गेले तेव्हा मुलीने दोघांना नाशिकला न्यायचं ठरवलं. मामांची हरकत एकच. "मी गेलंय तर हय तेंका वळखणारो कोण?" आणखी कुणीतरी एकदा आपल्या डोळ्यांनी बघावं, एवढाच त्यांचा हट्ट होता. निघायच्या दिवशी सकाळी मला धरून नेलं. डास फोडून काढत होते. मी मनातल्या मनात बायकोच्या सगळ्या माहेराचा उद्धार करत होतो. तेवढ्यात पाण्यात एक चपटं डोकं वर आलं. मग दुसरं. मिशा निथळतायत, तोंडात मासा, आणि मागून चिरक्या आवाजात भांडत येणारं एक पिल्लू. अहो, खरंच! मी चाट पडलो. "मामा, बघा, बघा ना!" म्हणत वळलो, तर मामा पाण्याकडे बघतच नव्हते. माझ्या तोंडाकडे बघत होते.

"दिसली मां?"

"दिसली, मामा."

"मगे झाला," म्हणाले आणि माझ्या खांद्याला धरून उठले. डोळे भरले होते त्यांचे.

आता रविवारी सकाळी बांधावर मी असतो आणि नाशिकहून फोन येतो. भाचीची चौकशी नंतर, आधी "बरी असत मां सगळी?" दिसली नाहीत त्या दिवशीही मी सांगतो, "मजेत आहेत, मामा. तुमची वाट बघतायत." वाट मीच बघत असतो, पण ते फोनवर कसं सांगायचं!