फुटलं का?

आमच्या चपला-बुटांच्या दुकानात बायकांचा विभाग ताई सांभाळायची. तिला सगळे ताईच म्हणायचे, तिच्याहून वयानं कितीतरी मोठे असलेले मालकसुद्धा. मी गल्ल्यावर बसायचे, तिथून ती समोरच दिसायची. गिऱ्हाइकाच्या पायाशी बुटक्या स्टुलावर बसून ती माप घ्यायची. भेगा पडलेल्या टाचा, घामट मोजे, काळीनिळी नखं, काय काय यायचं तिच्या मांडीवर! पण तिनं कधी नाक मुरडलं नाही. "पाय आहेत, चालतात. घाण होणारच," म्हणायची आणि हात धुऊन पुढच्या बाईकडे वळायची.

अशा ताईला किळस यायला लागली. बरंचसं तिनंच मला सांगितलं, माळ्यावर खोक्यांच्या चळतीत बसून डबा खाताना. शेवटचं मात्र मी स्वतः पाहिलं.

ताईचा नवरा गाडी शिकवायचा. शिकणाऱ्यानं गाडी कठड्यावर नेली तरी आवाज न चढवणारा, शांत माणूस अशी त्याची ख्याती. लग्नाला काही वर्षं झाली, मूल होईना. नवरा काही बोलला नाही. बोलल्या त्या सासूबाई. चौकशी करून त्यांनीच दवाखाना शोधला, त्यांनीच ताईला नेलं, आणि डॉक्टरांच्या प्रश्नांची उत्तरंही बहुतेक त्यांनीच दिली.

तिथं ठरलं की दर महिन्याला सोनोग्राफी करून स्त्रीबीज कसं वाढतंय ते बघायचं. पाळी येऊन गेली की दिवसाआड जायचं. आतला बीजकोश किती मोठा झाला ते डॉक्टर पडद्यावर मोजणार. पुरेसा वाढला की इंजेक्शन देणार, मग तो फुटून बीज बाहेर पडलं का ते पुन्हा बघणार. त्या दिवसांत नवरा-बायकोनं एकत्र यायचं. ऐकायला सरळ होतं. ताईला वाटलं, पोटावरून यंत्र फिरवतील. ते आतून करतात हे तिला टेबलावर झोपल्यावर कळलं.

"टेबल कोमट असतं," ती मला म्हणाली. "आधीच्या बाईच्या अंगानं. ती पडद्यामागून परकर सारखा करत बाहेर आली की आपण आत. खालचा कागद बदलत नाहीत, नुसता उलटा करतात. मी पाहिलंय."

रेक्झिन फाटून आतला स्पंज दिसायचा, पिवळा पडलेला. कोपऱ्यात झाकण नसलेली बादली, त्यात आधीच्या सगळ्या बायकांचे बोळे. डॉक्टर एका हातानं यंत्र आत ढकलायचे आणि दुसऱ्या हातानं फोन कानाला लावून घराच्या फरशांचा सौदा करायचे. "नाही नाही, पांढऱ्या नकोत, डाग दिसतात." मग मदतनीस बाईला आकडा सांगायचे, ताईला नाही. झालं की खरखरीत कागदाचा एक चतकोर तुकडा मिळायचा. तेवढ्यानं ते चिकट जेल निघतंय थोडंच? ते तसंच अंगाला घेऊन ताई दुकानात यायची आणि दिवसभर उठबस करायची. पहिल्या महिन्यात तिनं डबा खाल्ला नाही. मला वाटलं उपास धरलाय.

पण दवाखाना परवडला, असं तिला घरी गेल्यावर वाटायचं.

दार उघडायच्या आधीच सासूबाईंचा प्रश्न यायचा, "फुटलं का?" धाकटी जाऊ स्वयंपाकघरातून विचारायची, "काय हो ताई, फुटलं का?" जेवायला बसलं की पुन्हा तेच. सासूबाई फोनवर नणंदेला सांगायच्या, "डावीकडचं वाढतंय या खेपेला. उजवीकडचं अगदीच खुरटं." खालच्या मजल्यावरची शेजारीण जिन्यात गाठून म्हणायची, "आज अठरा मिलिमीटर झालं ना? होईल हो, फुटेल." ताईच्या पोटात काय चाललंय ते तिच्याआधी जिन्याला ठाऊक असायचं. घरात कुणी अंडं फोडलं तरी तिच्या घशाशी यायचं.

आणि मग तो दिवस. फुटलं म्हटलं की संध्याकाळी सासूबाई अख्खं घर बाहेर काढायच्या. दीर-जाऊ, त्यांची मुलगी, आणि पायांची तक्रार असलेले सासरेसुद्धा, सगळ्यांना फिरायला न्यायच्या. जाताना नवऱ्याच्या पाठीवर थाप, "आम्ही दोन तास तरी येत नाही." शेजारीण खिडकीतून वरात बघत हसायची. परत आले की सासूबाई आधी ताईच्या तोंडाकडे बघायच्या, मग खोलीतल्या पलंगाकडे.

"त्या दोन तासांत आम्ही एकमेकांशी एक शब्द बोलायचो नाही," ताई म्हणाली. "तो डोळे मिटून घ्यायचा. मी छताकडे बघायची. उरकलं की तो टीव्ही लावायचा."

बरेच महिने असेच गेले. मग एकदा फरशीवाले डॉक्टर सुट्टीवर गेले आणि त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टरीण बसली. तिनं आधी स्वतःचं नाव सांगितलं, कागद बदलायला लावला, आणि यंत्र लावण्यापूर्वी "लावू का?" असं विचारलं. ताईला रडूच आलं. डॉक्टरीणबाईंनी पडदा तिच्याकडे वळवून दाखवलं.

"हे बघा, छान फुटलंय. मागच्या महिन्यांतही दर वेळी फुटलंय. तुमच्या बाजूनं मला काही अडचण दिसत नाही. मिस्टरांची तपासणी कशी आली होती?"

"झाली आहे म्हणे. व्यवस्थित आहे म्हणे."

"कुणी सांगितलं?"

सांगितलं होतं सासूबाईंनी, पहिल्याच दिवशी, डॉक्टरांच्या समोर. आणि डॉक्टरांनी "बरं" म्हणून पुढचा प्रश्न विचारला होता.

बाहेर बाकावर सासूबाई बसल्या होत्या. ताईनं विचारलं तेव्हा त्या तडकल्याच. "त्याचं काय तपासायचं? धडधाकट आहे माझा मुलगा, त्याला काय धाड भरलीय? तुला आता तेवढंच निमित्त पाहिजे!"

ताई तिथून बसनं थेट नवऱ्याच्या कामावर गेली. तो शिकवणीच्या गाडीत एकटाच बसला होता, पुढच्या शिकाऊ माणसाची वाट बघत. ती शेजारच्या सीटवर बसली.

"तुमची तपासणी झालीच नाही ना?"

त्यानं उगाच आरसा सारखा केला.

"का नाही केलीत?"

त्यानं स्टिअरिंगवरची धूळ बोटानं पुसली. "आई म्हणाली गरज नाही. आणि मला..." तो थांबला. "तिथं एका खोलीत जायचं, बाटलीत ते द्यायचं, मग ती बाटली खिडकीतून कुणाच्या तरी हातात... छे. मला किळस येते असल्या गोष्टींची."

ताईनं मला हे सांगितलं तेव्हा तिचा घास हातातच राहिला होता. "किळस येते म्हणाला, गं. माझ्याकडे बघून म्हणाला. मी नुकती त्या टेबलावरून उठून आले होते. ते जेल अजून माझ्या अंगाला होतं."

ती गाडीतून उतरली आणि दुकानात आली. त्या दिवशी तिनं एका बाईला दोन्ही पायांत डावेच बूट घातले.

रात्रीच्या जेवणाला नवऱ्याचे मामा आले होते. सगळे टेबलाभोवती बसलेले, ताई वाढत होती. सासूबाईंना दवाखान्यातलं काही आठवत नसावं, किंवा पाहुण्यांसमोर सगळं आलबेल दाखवायचं असावं.

"या खेपेला चांगली बातमी येणार बरं का," त्या मामांना म्हणाल्या. "काय गं, फुटलं ना?"

ताईनं हातातलं भांडं खाली ठेवलं.

"फुटलं," ती म्हणाली. "कसं बघतात सांगू का, मामा? हाताएवढी लांब दांडी असते. तिच्यावर निरोध चढवतात. मूल हवं म्हणून जावं आणि दर खेपेला निरोध घालून आत शिरतात, गंमतच आहे. वर गार चिकट जेल ओततात. मग ती दांडी आत घालून डावीकडे फिरवतात, उजवीकडे फिरवतात. पाळीचं थोडं राहिलेलं असलं तर ते दांडीवर येतं. ते पुसून बादलीत टाकतात. आणि जेल आहे ते संध्याकाळपर्यंत थोडं थोडं बाहेर..."

मामांनी ताट बाजूला सारलं. धाकट्या जावेनं मुलीचे कान झाकले.

"शी!" सासूबाई ओरडल्या. "जेवताना बोलायच्या गोष्टी आहेत का या?"

"तुम्ही रोज जेवतानाच विचारता."

"मोठ्यांसमोर लाज नाही वाटत?"

"वाटायची. ती जिन्यात सांडली." मग ती नवऱ्याकडे वळली, आणि लग्नानंतर पहिल्यांदा तिच्या तोंडून 'तू' निघालं. "तू जेव. तुला किळस येत असेल तर नको जेवू. पण तू बाटली दिल्याशिवाय मी आता त्या टेबलावर चढणार नाही."

त्यानंतर ती खरोखरच गेली नाही. घरात अबोला. सासूबाई नातेवाइकांना सांगत सुटल्या की सून उपचार अर्ध्यावर टाकून बसली, तिलाच मूल नको आहे. नवरा मधल्या मध्ये गाडी शिकवत राहिला. त्या घरात सासरे कधी कशात पडायचे नाहीत. कधी नव्हे ते ते एका सकाळी मुलाच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले. "बूट घाल," म्हणाले. "मी येतो तुझ्याबरोबर. बाहेर बसतो." आणि त्याला घेऊन गेले.

निकाल आला. दोष त्याच्यात होता, आणि साधा नव्हता.

नवरा पलंगावर बसून रडला. ताई दारात उभी होती. "मला वाईट वाटायला हवं होतं," ती मला म्हणाली. "जवळ जावं, डोक्यावरून हात फिरवावा असं वाटायला हवं होतं. मला फक्त त्याच्या नाकातून काय वाहतंय ते दिसत होतं. माझीच मला भीती वाटली."

तेवढ्यात सासूबाई आत आल्या, दार लावून घेतलं आणि ताईचा हात धरून हळू आवाजात म्हणाल्या, "हे बाहेर कुणाला कळू द्यायचं नाही हं. पुरुषाची अब्रू असते." ताईनं हात सोडवून घेतला आणि मोरीत जाऊन साबणानं कोपरापर्यंत धुतला.

फरशीवाल्या डॉक्टरांनी नवा मार्ग सुचवला. अजून खटाटोप, अजून इंजेक्शनं, आणि सोनोग्राफी आधीपेक्षा जास्त. घरात सगळ्यांनी धरूनच चाललं की ताई जाणार. ती नाही म्हणाली. "मला मूल हवं होतं. पण आता तिथून नको, आणि या घरात तर नकोच." दुकानाच्या मागच्या गल्लीत तिनं दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. नवऱ्याला सांगितलं, यायचं तर ये. तो लगेच आला नाही. आला तेव्हा एक बॅग घेऊन आला आणि खालमानेनं दारात उभा राहिला. तिनं त्याला आत घेतलं. जवळ मात्र बरेच दिवस येऊ दिलं नाही.

मालकांच्या मुलीच्या लग्नाच्या जेवणाला आम्ही सगळे एका टेबलावर होतो. ताई, तिचा नवरा, मी, आणि मधूनच येऊन बसलेल्या मालकीणबाई. इकडचं तिकडचं झाल्यावर मालकीणबाईंनी ताईच्या पोटाकडे बघून विचारलं, "मग? तुमच्याकडे काही बातमी?"

ताईचा चेहरा मला दिसला. ती काही बोलायच्या आत नवरा बोलला. कान लाल झाले होते, आवाज जेमतेम निघाला.

"दोष माझ्यात आहे. हिच्यात काही नाही."

मालकीणबाईंनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं, न ऐकल्यासारखं केलं आणि पुन्हा ताईकडे वळल्या. खाली वाकून, अगदी मायेनं म्हणाल्या, "तू दुसरा डॉक्टर का नाही बघत, गं? माझ्या ओळखीचा एक आहे. रोजच्या रोज आतून मोजतो."

ताई उठली. तिचा रंग उतरला होता. "मळमळतंय मला," ती म्हणाली.

"अगंबाई!" मालकीणबाईंचा चेहरा उजळला. "म्हणजे खरंच बातमी आहे की काय?"

नवऱ्यानं तिची पिशवी उचलली, आणि अर्धं जेवण ताटात टाकून दोघं बाहेर पडली.