कोणत्या गाण्यात?

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे गाडीचं चाक बदलणं. अकोल्याच्या पुढे, तेल्हाऱ्याच्या रस्त्यावर, सकाळी दहाच्या उन्हात. मी जॅक लावला, तो नट काढायला बसला. एक नट निघेना. त्याने त्या नटाला आधी आईवरून शिवी दिली, मग बहिणीवरून, मग उभा राहून पान्ह्यावर अशी लाथ मारली की पान्हा उडून माझ्या नडगीवर आला. रक्त निघालं. त्याने वाकून पाहिलं.

"हाड दिसून राह्यलं का? नाही ना? मंग बोंबलू नको."

चाक बसलं. मी म्हणालो, "बेस झालं."

"बेस मी वाजवतो," तो म्हणाला. "हे चाक आहे."

त्या सकाळीला दीड वर्ष झालं. आता तो नाही. त्याच्या आधी माझी बायको गेली. तो कशाने गेला ते डॉक्टरने कागदावर लिहून दिलं आहे, लकवा. मी काय केलं ते कुठंच लिहिलेलं नाही, म्हणून मी लिहितो. चौथी शिकलेला माणूस आहे, चुकलं तर समजून घ्या.

मी अमरावतीच्या एका ऑर्केस्ट्राच्या गाडीवर ड्रायव्हर होतो. बावीस वर्षं. तो त्याच ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायचा. तुम्ही लग्नात ऑर्केस्ट्रा पाहिला असेल, पण त्याला पाहिलं नसेल. पुढे गाणारी बाई, तिच्या बाजूला जोक सांगणारा, मग कीबोर्ड. तो सगळ्यात मागे, ड्रमच्या आडोशाला. चार जाड तारांची गिटार. तिचा आवाज कानात येत नाही, पोटात येतो.

आमच्या वऱ्हाडात बेस म्हणजे चांगलं. जेवण बेस झालं, पाऊस बेस झाला. त्यामुळे त्याची फजिती व्हायची. एकदा मांडवात एक म्हातारा काठी टेकत त्याच्याकडे आला.

"काय वाजवता बावा तुमी?"

"बेस."

"थे तं झालं. पन वाजवता काय?"

त्या दिवशी तोही हसला होता. म्हाताऱ्याने तारीफ केली नव्हती, म्हणून.

बेसवाले मी तीन पाहिले. पहिल्याला कोणी म्हटलं छान वाजवलं, की तो म्हणायचा, "तारा नवीन आहेत." दुसरा लगेच ड्रमवाल्याकडे बोट दाखवायचा, "त्याले सांगा." गाणारी बाई तारीफ ऐकली की पदर सावरते, कीबोर्डवाला दात काढतो. बेसवाल्याची तारीफ केली की तो पोलिसाने हटकल्यासारखा होतो. का, ते मला माहीत नाही. हा तिसरा मात्र मारायचा.

वरूडला संत्र्याच्या व्यापाऱ्याकडे लग्न होतं. दुपारची पंगत चालू. नवरदेवाचा मामा फेटा बांधून स्टेजवर चढला आणि त्याने याच्या खांद्यावर हात टाकला.

"वा भाऊ वा! काय गिटार वाजवता!"

"कोन्त्या गाण्यात?"

"आं?"

"कोन्त्या गाण्यात चांगली वाजली, म्हन्तो मी."

मामा हसला. "साऱ्याच गाण्यात!"

"दोन गाणे तं मी वाजवलोच नाही. तार तुटली होती. मंग खोटं काहून बोलून राह्यला?"

आणि कानाखाली अशी बसली की फेटा खाली वाढप्याच्या बुंदीत जाऊन पडला. मामाला पाच भाचे. खुर्च्या उडाल्या, ड्रमवाल्याचा दात पडला, कीबोर्डवर कोणीतरी वरणाची बादली उपडी केली. मी गाडी चालू करून मागचा फाळका पाडला आणि एकेकाला ओढून आत घातलं. मागून कच्ची संत्री येत होती, दगडासारखी. बाजूची काच फुटली. चांदूर बाजार आलं. मग मी विचारलं, "कायले मारलं बे त्याले?"

तो मानेवरचं रक्त पुसत होता. "ज्याले आयकू येत नाही त्यानं चूप बसाव."

ज्याला ऐकू येतं त्याचं काय, तेही सांगतो. एक नवीन गाणारी पोरगी आली होती, कानाची पक्की. सामान भरताना म्हणाली, "काका, शेवटच्या गाण्यात दुसऱ्या कडव्याच्या आधी तुम्ही सुरात खाली उतरलात ना, अंगावर काटा आला."

आम्ही सगळे दोन पावलं मागे सरकलो. त्याने तिला काही केलं नाही.

"आयकू आलं तुले?"

"हो काका."

"म्हंजे मी बाहेर आलो."

एवढं बोलून त्याने मूठ वळली आणि गाडीच्या फाळक्यावर मारली. एकदा नाही, तीनदा. कातडी निघाली. पोरगी रडायला लागली.

"आता रडते कायले? तू बराबर सांगतलं. बेस आयकू आला म्हंजे चुकला. घराचा पाया दिसून राह्यला म्हंजे समजाव, बुलडोझर आला."

म्हणजे असं. खोटी तारीफ केली तर तुम्हाला मार, खरी केली तर त्याला मार. आम्ही बोलणंच सोडलं. त्याच्यासारखा वाजवणारा विदर्भात नाही, असं मालक म्हणायचा, पण तो नसताना, आणि दार लावून.

पुढे डीजे आले. पोरं ओरडतात, बेस वाढव, बेस वाढव. दर्यापूरला एका वरातीत स्पीकरचे भिंतीएवढे डबे लावले होते. एक म्हातारी छातीला हात लावून ओट्यावर बसली. हा तसाच चालत गेला आणि डब्याच्या जाळीत बुटासकट पाय घातला. "हा बेस नाही, हा मार आहे!" मग वरातीने त्यालाही खरा मार दिला. एक बरगडी गेली.

मला मात्र तो दर कार्यक्रमाला एक गोष्ट विचारायचा. बाकीचे वाजवायचे तेव्हा मी स्टेजमागे लावलेल्या गाडीच्या कॅबिनमध्ये आडवा पडायचो. कार्यक्रम संपला की तो दाराशी यायचा.

"डायवर, झोप लागली होती?"

"लागली होती."

"मधात उठला?"

"नाही."

"बरं."

मला वाटायचं, परतीला मला डुलकी येऊ नये म्हणून विचारतो. पुष्कळ वर्षं तसंच वाटलं. ज्या दिवशी मी म्हणायचो मधात एकदा डोळा उघडला, त्या दिवशी तो विनाकारण ड्रमवाल्याच्या पाठीत बुक्की घालायचा.

हे कोडं माझ्या बायकोने सोडवलं. दर्यापूर तिचं माहेर. तिकडचं लग्न असलं की ती गाडीत यायची. तिचं आणि माझं सांगायचं तर, मी तिच्यावर दोनदा हात उचलला. दुसऱ्या वेळी तिने वरवंटा उचलला. तिसरी वेळ आली नाही. तर अशी बाई. ती एकदा सगळ्यांदेखत त्याला म्हणाली, "भाऊ, आज बेस वाजवलं तुमी."

माझा जीव गेला. मी दोघांच्या मधात जाऊन उभा राहिलो.

"कोन्त्या गाण्यात, वयनी?"

"मले गाण्याचं काय समजते बापा? हा मानूस घरी झोपतच नाही, पंख्याले शिव्या देत पडते. तुमी वाजवता तं मेल्यावानी झोपते. तुमचं चुकलं का डोळा उघडते. मी कॅबिनमधी बसून पायते न."

तो तिथेच वायरीच्या गुंडाळीवर खाली बसला.

"मले मालूम आहे," तो म्हणाला. "म्हनून तं इचारतो याले."

तेवढीच एक तारीफ त्याने घेतली. माझी झोप. मी घोरलो की तो चांगला वाजला. त्यानंतर दर भाऊबीजेला तो आमच्याकडे यायचा, तिच्याकडून ओवाळून घ्यायचा, जेवायचा, माझ्याशी भांडायचा आणि जायचा.

मग ती गेली. पोटात गाठ होती, तीन महिन्यांत संपली. त्याने खांदा दिला. मोक्षधामात एक जण म्हणाला, "सुटली बिचारी." याने त्याला लाकडाच्या ढिगापासून फाटकापर्यंत मारत नेलं. मी अडवलं नाही. मलाही त्याला मारायचंच होतं.

त्यानंतर माझी झोप गेली. घरी गेली ते समजू शकतो, पण कॅबिनमध्येही गेली. मी आडवा पडायचो, डोळे छताला. त्याचा बेस यायचा, पत्र्यातून पाठीत यायचा, चांगला यायचा. झोप यायची नाही.

"झोप लागली होती?"

"नाही."

"अजिबात?"

"अजिबात."

मी खरं सांगायचो. मी कायले खोटं बोलू? पण त्याने ते स्वतःवर घेतलं. पाच लग्नं झाली, सहा झाली, मी जागाच. मी त्याला म्हटलं, "अरे, बायको मेली म्हनून झोप येत नाही, तुह्या वाजवण्याचा काय संबंध?" तो म्हणाला, "वयनी होती तवाबी तुले घरी झोप येत नव्हती. गाडीत येत होती. आता माह्या हातात दम नाही, सरळ बोल ना." तारा बदलल्या. घरी दारं लावून वाजवत बसायचा. अॅम्प्लिफायर लाथेने फोडला. ड्रमवाला पाठ काळीनिळी घेऊन काम सोडून गेला.

मालकाने मला बाजूला घेतलं. "डायवर, त्याले सांग ना, झोपलो म्हून. तुह्यं काय जाते? नाही तं मले त्याले काढा लागन."

काढलं असतं तर तो दुसरीकडे कुठं जाणार होता? ऑर्केस्ट्रे उरले किती? म्हणून हिवरखेडच्या लग्नात, चाक बदललं त्याच दिवशी, मी खोटं बोलायचं ठरवलं.

दुपारचे तीन वाजले होते. तो दाराशी आला. डावा हात दाराच्या चौकटीला टेकवून उभा राहिला, तशीच त्याची सवय होती. शर्ट पाठीला चिकटलेला.

"झोप लागली होती?"

"लागली."

"मधात उठला?"

"नाही."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "चवथ्या गाण्यात जनरेटर बंद पडलं. वीस मिंट कोनीच वाजवलं नाही. सारा मांडव बोंबलून राह्यला होता. अन् तू उठला नाही?"

जनरेटर बंद पडलेलं मला माहीत होतं, मी जागाच होतो. पण खोटं बोलायची सवय नाही, पुढचं सुचलं नाही. त्याने उजव्या हाताने माझी कॉलर धरली आणि डोकं स्टिअरिंगवर आपटलं. ओठ फाटला.

"दया करून राह्यला माह्यावर?" पुन्हा आपटलं. "म्हंजे तू कवाच झोपत नव्हता. वयनीबी खोटंच बोलली मंग. नवरा-बायको मिळून माह्यी मजा घेत होते."

तो मारत होता तोवर ठीक होतं. त्याचा मार मला नवा नव्हता. कॉलर सोडून तिला खोटी म्हणाला आणि मी दार ओढलं. दोन्ही हातांनी. जुन्या मेटॅडोरचं दार, जोर लावल्याशिवाय लागत नाही. मी जोर लावला. त्याची डावी बोटं मधात होती. मला दिसत होती. चुकून झालं असं मी कोणाला सांगितलं नाही आणि इथेही लिहिणार नाही.

आवाज कसा आला तेही लिहिणार नाही.

तो ओरडला नाही. मी दार उघडलं, त्याने हाताकडे पाहिलं. वऱ्हाडी धावत आले तर त्यांना म्हणाला, "वाऱ्यानं दार लागलं." हिवरखेडला त्या दिवशी झाडाचं पान हलत नव्हतं. मग माझ्या बाजूला येऊन बसला, हात टॉवेलात गुंडाळला.

"अकोल्याले घे."

मी गाडी वळवली. टॉवेल लाल झाला, मग काळा झाला. डाव्या हाताने तारा दाबतात. डॉक्टरने फोटो काढले आणि सांगितलं, तीन बोटं मोडली, त्यातली दोन आता वाकणार नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वॉर्डात गेलो. मार खायला गेलो होतो, खरं सांगतो. त्याचा उजवा हात शाबूत होता. त्याने माझे दात पाडले असते तर मला घरी जाता आलं असतं. तो खाटेवर उठून बसलेला, डावा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. मी अगदी जवळ उभा राहिलो, त्याचा हात पोहोचेल इतका. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे पाहिलं.

"बस," तो म्हणाला.

तेवढ्यात सिस्टर आली, गोळ्या द्यायला. तिशीतली असेल. त्याचा चेहरा पाहून थबकली.

"काका, तुम्ही ऑर्केस्ट्रात गिटार वाजवता ना? माझ्या लग्नात होते तुम्ही, मूर्तिजापूरला. लय मस्त वाजवली होती, साऱ्यायनं नाव घेतलं."

मी उठून तिच्या आणि त्याच्या मधात झालो. त्याने मला उजव्या हाताने बाजूला केलं. जोर नव्हता त्या हातात. तो तिच्याकडे वर पाहत राहिला. ती गोळ्या हातात घेऊन हसत उभी.

मग त्याने हात छातीला लावला आणि मान खाली घातली.

"मेहरबानी, ताई," तो म्हणाला. "तुमी याद ठेवलं."

ती खूश झाली. त्याने गोळ्या घेतल्या, पाणी प्यायला आणि माझ्याकडे वळला.

"डायवर, जाय. ताईसाठी चहा सांग."

मी जिना उतरून चहा सांगायला गेलो.